थायरॉइडची दुसरी शस्त्रक्रिया आणि आवाजाची नस : या चुका टाळा

थायरॉइडच्या पहिल्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्राच्या नसेला कायमची इजा होण्याचे प्रमाण अनुभवी हातांत साधारण १ ते २ टक्के असते. त्याच गळ्यात दुसऱ्यांदा शिरताना ते कित्येक पटींनी वाढते. खानदेशात अशा दुसऱ्या शस्त्रक्रिया अजूनही बऱ्याच कराव्या लागतात, कारण ग्रंथीचा काही भाग मागे ठेवण्याची जुनी पद्धत इथे दीर्घकाळ चालली आणि तो उरलेला भाग पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा वाढून रुग्ण परत येतो. अशा रुग्णांच्या बाबतीत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून कंटाळा आल्यामुळे हे लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक शस्त्रक्रियागृहाबाहेर होते. रुग्णाचा आवाज चांगला आहे, म्हणून दुर्बिणीने स्वरतंतू पाहायचेच नाहीत, ही ती चूक. साक्री तालुक्यातील एक मध्यमवयीन बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांची उजवी बाजू पूर्वीच काढलेली होती आणि आता डावीकडची गाठ श्वासनलिकेला बाजूला रेटत होती. सोबतच्या चिठ्ठीत ‘आवाज नॉर्मल, भुलीसाठी फिट’ एवढेच लिहिले होते आणि शस्त्रक्रियेची तारीखही ठरलेली होती. जुन्या डिस्चार्ज कार्डावर नस दिसली की नाही याचा एक शब्द नव्हता. दुर्बिणीचे नाव काढताच त्यांचा मुलगा म्हणाला, “आवाज ते चांगला शे ना, डॉक्टर!” तरीही नाकातून लवचीक दुर्बीण घातली आणि बाईंना ‘ई’ म्हणायला लावले. डावा स्वरतंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडे जात होता. उजवा जागचा हललाही नाही. पहिल्या शस्त्रक्रियेतच उजवी नस गेली होती आणि डाव्या तंतूने ती उणीव इतक्या वर्षांत बेमालूम भरून काढली होती.

आता डावी नस दुखावली असती, तर दोन्ही तंतू मध्यरेषेजवळ अडकून भुलीची नळी काढताक्षणी श्वास कोंडला असता आणि गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करावी लागली असती. शस्त्रक्रिया टाळता येण्यासारखी नव्हती, पण ती वेगळ्या तयारीने झाली. नातेवाइकांना छिद्राची शक्यता आधी स्पष्ट सांगितली, नसेचा मॉनिटर (नसेला सूक्ष्म विद्युत झटका देऊन स्वरतंतूच्या स्नायूचा प्रतिसाद टिपणारे यंत्र) मागवला आणि सुईच्या तपासणीत गाठ साधी (कर्करोगाची नव्हे) असल्यामुळे, नस स्वरयंत्रात शिरते त्या जागी ग्रंथीचा नखाएवढा तुकडा मुद्दाम ठेवला. चिठ्ठी लिहिणाऱ्या तरुण सर्जनने नंतर फोन करून विचारले, “सर, तेवढा तुकडा का ठेवलात?” गाठ साधी असताना ग्रंथी पूर्ण काढल्याच्या समाधानासाठी रुग्णाची एकमेव चालती नस पणाला लावणे मला पटत नाही, हेच माझे उत्तर होते.

दुसरी चूक घाईची. जुन्या व्रणावरून थेट मध्यरेषेत शिरून, चिकटलेले स्नायू ओरबाडत नस शोधायची, हा अधीर नवशिक्यांचा आवडता मार्ग आहे. पुस्तकात नस श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधील खाचेत असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेत मात्र ती व्रणाच्या ऊतींनी ओढली जाऊन गाठीच्या पुढच्या पृष्ठभागावरही चिकटलेली सापडते. म्हणून मी बाजूने शिरतो : मानेचा मोठा तिरका स्नायू आणि थायरॉइडवरचे पट्टीसारखे स्नायू यांच्यामधून, जिथे पहिल्या सर्जनचा हात पोहोचलेला नसतो. नस खाली, न दुखावलेल्या जागेत ओळखायची आणि तिचा माग काढत वर जायचे. यात वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. उजवीकडे नस खालून येतच नसेल, तर ती नाहीच असे समजू नये. सुमारे शंभरातल्या एखाद्या माणसात ती खाली न उतरता व्हेगस या मेंदूतून मानेत उतरणाऱ्या मूळ नसेतून थेट आडवी येते; अशा माणसांत उजव्या हाताची धमनीही बहुधा अन्ननलिकेमागून जाते आणि सीटी स्कॅन नीट पाहिला तर ते आधीच कळते.

मॉनिटर आहे म्हणून नस डोळ्यांनी पाहायची गरज नाही, असे मानणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. एवढेच सांगतो की, भूलतज्ज्ञाने स्नायू सैल करणारे दीर्घ परिणामाचे औषध दिले असेल तर मॉनिटर गप्पच राहतो, म्हणून ते आधी बोलून ठरवावे. सुरुवातीला आणि शेवटी व्हेगस नसेवर संकेत तपासावा. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया असेल आणि पहिल्याच बाजूचा संकेत गेला, तर तिथेच थांबावे. दुसरी बाजू नंतर करता येते.

नसेजवळ कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणारे साधन) वापरू नये. रक्तस्राव झाला तर अंधारात क्लिप मारू नये; कापसाने दाबून धरावे. ग्रंथी जोराने ओढू नये, कारण बहुतेक इजा नस तुटून नव्हे तर ताणली जाऊन होतात आणि अशी नस दिसायला अखंडच असते. ग्रंथीच्या वरच्या टोकाशी रक्तवाहिन्या एकगठ्ठा बांधू नयेत. तिथली स्वरयंत्राच्या वरच्या नसेची बारीक शाखा गेली की बोलणे ठीक राहते, पण भजनातला वरचा सूर लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर आवाज घोगरा झाला, तर ‘नळीमुळे बसला असेल’ म्हणून रुग्णाला घरी पाठवणे ही शेवटची चूक. दुर्बीण पुन्हा घालावी. पाणी पिताना ठसका लागत असेल तर पातळ पदार्थ काही काळ थांबवून घट्टसर आहार द्यावा आणि हनुवटी खाली झुकवून गिळायला शिकवावे. ताणली गेलेली नस सहसा सहा महिन्यांत, कधी वर्षभरात सावरते. तोवर आवाजाचे व्यायाम करावेत आणि गरज पडल्यास स्वरतंतूत तात्पुरते इंजेक्शन देता येते. तंतू मध्यरेषेकडे सरकवण्याची कायमची शस्त्रक्रिया त्यानंतरच विचारात घ्यावी, नातेवाईक कितीही घाई करोत.