वेब ॲपला लोकल नेटवर्कवरच्या यंत्राशी कसं जोडाल?

यंत्रावर छोटा वेब सर्व्हर चालू आहे आणि तुमचं ॲप एचटीटीपीएसवर आहे, एवढं धरून चालतो.

१. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून यंत्राचा आयपी पत्ता पक्का करा.

२. तो पत्ता त्याच वाय-फायवरच्या फोनवर थेट उघडून बघा. उघडत नसेल तर कोडला हात लावू नका. बऱ्याचदा फोन गेस्ट नेटवर्कवर असतो आणि तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते.

३. यंत्राच्या उत्तरात सीओआरएसचे (दुसऱ्या साइटच्या पानाला उत्तर वाचू द्यायचं की नाही, हे ठरवणारा ब्राउझरचा नियम) हेडर घाला, ब्राउझर आधी चाचपणीसाठी पाठवतो त्या ऑप्शन्स विनंतीलाही उत्तर द्या. परवानगी फक्त तुमच्या ॲपच्या ओरिजिनला (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता). सगळ्यांनाच परवानगी देणारं तारांकित चिन्ह (*) टाकून मोकळं होऊ नका. 'नो-सीओआरएस मोड लावा' हा सल्ला तर सोडूनच द्या. विनंती जाते, उत्तर वाचता येत नाही.

४. आता खरी गोम. एचटीटीपीएसच्या पानावरून साध्या एचटीटीपीच्या १९२.१६८.१.५० ला विनंती केली की ब्राउझर ती मिक्स्ड कंटेंट (सुरक्षित पानातून असुरक्षित विनंती) म्हणून अडवतो. कन्सोल न वाचता लोक सीओआरएसलाच दोष देत बसतात. मीही इथे भरपूर डोकं आपटलं आहे.

सेल्फ-साइन्ड (स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट हा यावरचा सगळ्यांत वाईट उपाय. फेच विनंतीत (पानातला कोड करतो ती) धोक्याचा इशारा दिसतच नाही, ती नुसती फसते. मग वापरणाऱ्याला 'आधी हा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडा, इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा' असं शिकवावं लागतं. हे कुणालाही शिकवू नये. त्याच्या संगणकावर स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या सहीवर संगणक इतर सर्टिफिकेटं खरी मानतो) बसवणं त्याहून घातक: तुमची गुप्त की (किल्ली) फुटली, तर त्याच्यापुढे कुठल्याही साइटचं सोंग घेता येतं.

यंत्राला खरं नाव द्या. तुमच्या डोमेनखाली प्रत्येक यंत्राला एक सबडोमेन, त्याची डीएनएस नोंद (नावावरून पत्ता सांगणारी) त्या खासगी पत्त्याकडे, आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट डीएनएस-०१ पद्धतीने. या पद्धतीत लेट्स एन्क्रिप्टला यंत्रापर्यंत पोचावं लागत नाही, डीएनएस नोंद पुरते. प्लेक्स (घरच्या सर्व्हरवरून चित्रपट, गाणी दाखवणारी सेवा) याच धर्तीवर घरोघरचे सर्व्हर चालवतं. प्रत्येक यंत्राची की वेगळीच ठेवा; एका यंत्राची की फुटली म्हणून सगळ्यांवर पाणी सोडायची वेळ येऊ नये. सर्टिफिकेटमधली नावं सार्वजनिक लॉगमध्ये दिसतात, म्हणून नावात ग्राहकाची ओळख नको. नूतनीकरण आपोआप व्हायलाच हवं.

इतकं करूनही काही घरांत नाव उघडत नाही. काही राउटर खासगी पत्ता असलेलं डीएनएस उत्तर गिळून टाकतात. हा बिघाड नाही, डीएनएस रीबाइंडिंगपासूनचं (डीएनएसच्या आडून बाहेरच्या साइटने घरातल्या यंत्रांपर्यंत पोचण्याचा हल्ला) संरक्षण आहे. ते बंद करायला सांगू नका, फक्त तुमच्या डोमेनला सूट द्यायला सांगा.

५. क्रोमच्या १४२व्या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०२५) ब्राउझर लोकल नेटवर्कसाठी परवानगी विचारतो. ती मिळाली की खासगी आयपी पत्त्यावरची साधी एचटीटीपी विनंतीही जाऊ देतो. मात्र सगळे ब्राउझर क्रोम नाहीत, त्यामुळे फक्त यावर विसंबून चौथी पायरी गाळू नका. परवानगी पान उघडताक्षणी मागू नका. 'यंत्र जोडा' बटण दाबल्यावरच मागा, आणि कशासाठी ते आधी दोन शब्दांत लिहा. एकदा नकार मिळाला की तो फिरवायला सेटिंग्ज धुंडाळाव्या लागतात. ॲप आयफ्रेममध्ये (दुसऱ्या पानात बसवलेल्या चौकटीत) असेल तर त्याच्या अलाउ गुणधर्मातही परवानगी लागते.

६. मॅकओएस १५ पासून खुद्द ब्राउझरलाही लोकल नेटवर्कची परवानगी लागते. एकाच मॅकवर सगळं अडत असेल, तर आधी तिथल्या प्रायव्हसी सेटिंग्ज तपासा.