केस गेज वापरताना या चुका टाळा

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापावर आणली (रिसाइज केली) आणि ती केस गेज या माप तपासणाऱ्या नळकांड्यात अलगद उतरली, म्हणजे ती आपल्या रायफलमध्येही बसणारच, असा समज अमेरिकेत घरी काडतुसे भरणाऱ्या नवख्या मंडळींमध्ये सर्रास आढळतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. (भारतात आयुध अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करता येत नाहीत, हे येथील वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

गेज मुख्यतः पुंगळीच्या बुडापासून खांद्यावरच्या (पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या उतारावरच्या) एका ठरावीक व्यासापर्यंतचे अंतर तपासते; .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी हा व्यास ०.४०० इंच धरला जातो. पुंगळीचे बूड गेजच्या टोकावरील दोन पायऱ्यांच्या दरम्यान आले की हे अंतर मर्यादेत आहे असे समजावे. मात्र विल्सन कंपनीच्या गेजसारख्या जुन्या धाटणीच्या गेजचा पोकळ भाग मुद्दाम सैल कोरलेला असल्याने पुंगळीच्या अंगाचा व्यास त्यात तपासलाच जात नाही. मशीनगनच्या ऐसपैस चेंबरमधून (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या खोबणीतून) निघालेल्या पुंगळ्या बुडाजवळ फुगलेल्या असतात. त्या अशा गेजमध्ये बिनबोभाट उतरतात आणि रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दट्ट्या) मात्र बंद होत नाही. तेथे स्मॉल बेस डाय (बुडाजवळचा भाग जास्त आवळणारा डाय) आणि चेंबरच्या किमान मापाला कोरलेले गेज, दोन्ही लागतात.

पुंगळी गेजच्या वर राहिली की लगेच डाय खाली फिरवण्याची घाई करू नये. आधी वंगण पुसून काढावे, जुना प्रायमर (बुडातील, बारूद पेटवणारी टिकली) काढलेला असल्याची खात्री करावी आणि बुडाची कडा नखाने चाचपून पाहावी. पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरने कडेवर उठवलेली बारीकशी कोर पुंगळीला वर अडकवून धरते. पुंगळी उलटी करून बुडाकडून घातल्यावरही ती अडली, तर दोष खांद्यात नसून कडेत आहे. तो कानसीच्या एक-दोन हलक्या हातांनी जातो. लांबी रिसाइज केल्यानंतरच मोजावी, कारण डायमधून जाताना पुंगळी लांबते. .३०८ साठी कमाल लांबी २.०१५ इंच असून ती ओलांडल्यास मानेचे तोंड चेंबरच्या पुढच्या टोकाला दाबले जाते, गोळी घट्ट पकडली जाते आणि दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक याच्या उलट दिशेची आहे. सगळ्या पुंगळ्या गेजमध्ये निर्धास्त उतराव्यात म्हणून खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो, गेज काही कुरकुर करत नाही आणि पुंगळी प्रत्येक बारासरशी बुडाजवळ ताणली जाऊन पातळ होत जाते. बुडाच्या किंचित वर चकचकीत कडे दिसू लागले, तर टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून भिंतीवर ओढून पाहावी. तार खाचेत अडकल्यास ती पुंगळी निःसंकोच मोडीत टाकावी. हे टाळण्यासाठी आपल्याच रायफलमधून झाडलेली पुंगळी कंपॅरेटर (खांद्यापर्यंतचे अंतर मोजू देणारा जोड) लावलेल्या कॅलिपरने मोजावी आणि खांदा बोल्ट अॅक्शन (हाताने बोल्ट चालवायच्या) रायफलसाठी ०.००१ ते ०.००२ इंच, सेमी-ऑटो (आपोआप पुढचे काडतूस भरणाऱ्या) रायफलसाठी साधारण ०.००३ इंच किंवा थोडा अधिक मागे न्यावा.

एकाच डायमधून काही पुंगळ्या बरोबर आणि काही लांब निघत असतील, तर बहुधा डायचा दोष नसतो. वारंवार वापरून कडक झालेले पितळ दाबल्यावर पुन्हा मागे येते. अशा पुंगळ्या अॅनील कराव्यात (तापवून मऊ कराव्यात), निरनिराळ्या कंपन्यांच्या पुंगळ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि वंगण सर्वांना सारखे लावावे. पुंगळी डायमध्ये असताना रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) पूर्ण वर नेऊन डाय आणि शेलहोल्डर (पुंगळीचे बूड धरणारा भाग) यांच्यामध्ये उजेडाची फट दिसते का, तेही पाहावे. ताणाखाली प्रेस थोडा वाकतो आणि रिकामा असताना मिटलेली फट तेव्हा उघडते.

अखेरची तपासणी आपल्या चेंबरमध्येच करावी. बोल्ट अॅक्शन रायफलमधून फायरिंग पिन आणि शक्य असल्यास इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून, प्रायमर व बारूद नसलेली पुंगळी आत सरकवावी. बोल्टचा दांडा शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या वजनाने खाली आला, तर डाय त्याच जागी पक्का करावा.