चालढकल सोडायची आहे? मग या चुका टाळा

नायगावात आमच्या मंडळाची एक अभ्यासिका आहे. बत्तीस खुर्च्या, चार पंखे, त्यातला एक सतत कुरकुरणारा. किल्ल्या अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. त्यामुळे स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यास कसा करतात यापेक्षा कसा टाळतात, हेच मी जास्त पाहिलंय. दरवर्षी चेहरे नवे असतात, चुका मात्र त्याच.

पहिली आणि माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टाइमटेबल. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी चार्टपेपर, पट्टी आणि पाच रंगांचे हायलायटर. दिवस त्यातच जातो आणि संध्याकाळी चेहऱ्यावर समाधान असं, की जणू अर्धा अभ्यासक्रम संपला! दोन वर्षांपूर्वी कांजूरमार्गहून एक मुलगी यायची. जून ते ऑगस्ट तिने सात टाइमटेबलं केली. सातवं भिंतीला चिकटवताना मी सहज विचारलं, "अर्थशास्त्र दर वेळी शनिवारी संध्याकाळीच का गं?" शनिवारी ती चार वाजताच घरी जायची.

थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, ते पुस्तक उघडलं की वाटतं आपण ढ आहोत."

घोडं तिथेच अडलेलं होतं. वेळ तिच्याकडे भरपूर होता, तिला ते 'ढ' वाटणं नको होतं. फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडलंय: चालढकल ही मुळात वेळेच्या नियोजनातली चूक नाही, त्या क्षणी मनाला बरं वाटावं म्हणून काढलेली पळवाट आहे. काम बाजूला सारलं की लगेच हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच चटक लागते. आळशी माणूस निवांत पडून तरी राहतो. चालढकल करणारा मात्र दिवसभर मनात कुढत असतो. म्हणून टाइमटेबलने यावर काही होत नाही.

तिला नेमकं कुठे अडतं ते विचारलं. महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांत ती गोंधळायची. चहाच्या बिलामागे घरखर्च मांडून दाखवला. वर्षाचा सगळा खर्च एका बाजूला, कर्ज सोडून आलेले सगळे पैसे दुसऱ्या बाजूला, कमी पडले ती राजकोषीय तूट. नुसता रोजचा खर्च आणि नेहमीची मिळकत एवढंच धरलं, की महसुली. पंधरा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी तिने आपणहून तेच पुस्तक आधी उघडलं. पास झाली का? त्या वर्षी नाही. पण आठवं टाइमटेबल काही केलं नाही.

तेव्हापासून माझा प्रश्न ठरलेला: "कधी करणार?" असं विचारत नाही, "यातलं नको काय वाटतंय?" असं विचारतो.

दुसरी चूक जरा ऐटीत सांगितली जाते: "मी ना, प्रेशरखालीच भारी काम करतो." हे ऐकलं की मला माझं तरुणपण आठवतं. कॉलेजात अख्खं जर्नल एका रात्रीत उतरवून काढायचो, त्याचा माज होता. पुढे एका सरकारी परीक्षेचा अर्ज आला. वीस मिनिटांचं काम. आदल्या वेळी तीन गुणांनी गेलो होतो, त्यामुळे ते पान उघडायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. एकोणीस दिवस उद्यावर ढकललं. शेवटच्या रात्री दादरच्या सायबर कॅफेत बसलो, तर सहीचा फोटो ठरलेल्या आकारात बसेना. तो बसला तेव्हा पावणेबारा. पैसे कापले गेले, पावती येईना, चक्र फिरतंय. बारा वाजून एक मिनिटाने 'मुदत संपली'. कॅफेवाला शटर अर्धं ओढून माझ्याकडे बघत उभा होता. पैसे महिन्याने परत आले, ते वर्ष आलं नाही.

डायन टाइस आणि रॉय बॉमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं हेच पाहिलं. काम ढकलणारे सत्राच्या सुरुवातीला मजेत होते, शेवटी ताण आणि आजारपण त्यांच्याच वाट्याला जास्त आलं आणि गुणही कमी पडले. दडपणात काम भारी होत नाही, ते कसंबसं होतं. बरं करायला वेळच उरलेला नसतो. मी आता कुठलीही शेवटची तारीख डायरीत आठ दिवस आधीची लिहितो आणि खरी तारीख विसरायचा प्रयत्न करतो.

बाकीच्या चुका पटापट.

टायमरचं ॲप शोधत बसणं. २५ मिनिटं काम, मग छोटी विश्रांती, ही 'पोमोडोरो' पद्धत फ्रांचेस्को चिरिल्लोने स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर बसवली. तुम्हाला सशुल्क ॲप कशाला हवं?

मोबाइल उलटा ठेवणं. उलटा ठेवलेला मोबाइल सुलटा करायला किती वेळ लागतो? आमच्याकडे स्टीलचा डबा आहे, त्यात टाका.

"गणपती झाले की सुरू करतो." मग नवरात्र, मग दिवाळी, मग एक जानेवारी. लालबाग-परळच्या पोरांना तर बारा महिने निमित्त आहे.

स्वतःला शिव्या घालणं. कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरच्या २०१० सालच्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी ती कमी केली. आईबापांना हे पटत नाही. मलाही पटायला वेळ लागला.

आणि धडा 'पूर्ण करूनच' उठायचा हट्ट. रात्री साडेनऊला मी दिवे बंद करायला येतो तेव्हा कोणीतरी हमखास म्हणतं, "काका, एवढं एक गणित." मी देत नाही. अर्धवट सोडलेल्या कामाकडे माणूस आपोआप परत वळतो, हे मानसशास्त्रज्ञ मारिया ओवस्यांकिनाने १९२८ सालीच दाखवलं होतं. वही तशीच उघडी ठेवा म्हणतो, '=' हे चिन्ह काढून पेन त्यावर आडवं. सकाळी सातला कुलूप काढतो तेव्हा ते अर्धं गणितवालं पोरगं बहुतेक जिन्यातच बसलेलं असतं.