चांगदेवच्या काठावर सरकती पाण्याची रेघ रंगवताना

खान्देशात समुद्र नाही, पण सरकता काठ आहे. तापी-पूर्णेच्या संगमापाशी, चांगदेवला, हतनूर धरणाचं पाणी पसरतं. पावसाळ्यानंतर ते काठोकाठ असतं, सिंचन आणि उन्हामुळे मेपर्यंत बरंच मागे जातं आणि उघड्या पडलेल्या गाळावर टरबुजाचे वेल दिसू लागतात. नोव्हेंबरमध्ये सुरू केलेलं जलरंगातलं चित्र मार्चमध्ये त्याच जागी बसून पुरं करता येत नाही. म्हणून एका बैठकीत संपेल एवढाच कागद घ्या: ११ × १५ इंच, ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), चारही बाजूंनी टेप लावून ४ मिमी प्लायवर ताणलेला. सोबत १२ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, एक इंची चपटा ब्रश आणि दोन लिटर पाणी. नदीच्या पाण्यात गाळ असतो, ते स्वच्छ रंगात वापरू नका.

पेन्सिलीने आधी न हलणाऱ्या गोष्टी मांडा: देऊळ, पलीकडचं मोठं झाड, विजेचा खांब. मग क्षितिज, शेवटी पाण्याची रेघ. सावल्यांच्या कडाही पहिल्या दहा मिनिटांत आखून घ्या आणि पुढे ऊन कितीही फिरलं तरी त्या बदलू नका. अर्धी सावली सातची, अर्धी नऊची, असं झालं की चित्र खोटं दिसतं.

सर्वाधिक चुका होतात प्रतिबिंबात. पाणी बुंध्याला टेकलेलं असेल तर झाड जसंच्या तसं उलटं काढून चालतं. पाणी मागे सरकलं की चालत नाही. आरसा म्हणजे पाण्याची पातळी, काठ नव्हे. बुंध्याच्या थेट खाली ती पातळी कुठे असती, तो बिंदू अंदाजाने ठरवा आणि तिथून मोजा. समजा, उंच दरडीवरून पाहताना कागदावर झाड ३ इंच आहे, बुंधा त्या बिंदूच्या अर्धा इंच वर आणि पाण्याची रेघ दीड इंच खाली. शेंड्याचं प्रतिबिंब बिंदूच्या साडेतीन इंच खाली येईल, म्हणजे रेघेखाली दोनच इंच दिसतील. झाडाचा खालचा एक इंच गाळाने झाकला. बुंध्यापासून सुरू झालेलं प्रतिबिंब दिसलं की समजावं, पलीकडचा काठ नीट पाहिलेलाच नाही. हे सगळं पाणी शांत असताना. वारा सुटला की प्रतिबिंब तुटतं, तेव्हा ते सोडून द्या.

काळ्या मातीसाठी काळा रंग नको, मेल्यासारखी दिसते. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. सुक्या, भेगाळलेल्या गाळाला त्यातच थोडं यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि भरपूर पाणी, ओल्याला तेच घट्ट. मात्र सूर्य समोर असेल तर ओला गाळ आकाश परावर्तित करून सुक्यापेक्षा उजळ दिसतो. ‘ओलं म्हणजे गडद’ हे पाठ केलेलं तिथे फसवतं.

एप्रिल-मेमध्ये साडेआठच्या आत आवरा. त्या उन्हात आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, खाली उतरेपर्यंत वरची कड सुकते आणि पट्टे पडतात. कागद आधी दोन्ही बाजूंनी भिजवा आणि वॉशच्या अर्ध्या कप पाण्यात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब टाका. जास्त झालं तर कागद चिकट राहतो आणि धूळ धरतो. पांढरी छत्री कागदावर धरावी, डोक्यावर टोपी पुरे. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो.

कळण्याची भाकरी आणि ठेचा चित्र झाल्यावरच. तेलकट बोट लागलं तिथे रंग धरत नाही, आणि डाग वॉश मारल्यावरच कळतो.

गाळावर पाऊल टाकण्याआधी काठीने टोचून पाहा. वरची पापडी सुकलेली असते, खाली गुडघाभर चिखल. पावसाळ्यात धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रात बसूच नका. दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढतं, आणि स्टँड, रंगपेटी गोळा करायलाही वेळ मिळत नाही.