न दिसणारा प्रसंगही शूट करावा लागतो

पहिल्या लघुपटाच्या पटकथेत अपघात, खून नाहीतर आत्महत्या हमखास असते. खर्च झेपत नाही म्हणून ती ऐनवेळी फ्रेमबाहेर ढकलली जाते आणि एडिटला बसल्यावर हाती उरतो फक्त दचकलेला एक चेहरा. काय झाकायचं ते पटकथेतच ठरायला हवं.

पात्राचा निर्णय ज्या कृतीतून कळतो, ती दाखवाच. जिचे परिणाम महत्त्वाचे, ती झाकता येते. फ्रिट्झ लांगच्या 'एम' या जर्मन चित्रपटात (१९३१) मुलीचा खून दिसत नाही. दिसते जेवणाच्या टेबलावरची तिची रिकामी जागा, घरंगळत आलेला चेंडू, तारांत अडकलेला फुगा. चेंडू आणि फुगा आधी तिच्या हातात पाहिलेले असतात, म्हणून काळजात चर्र होतं. ही पेरणी राहिली तर प्रेक्षकाला नुसता चेंडू दिसेल. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट' या चित्रपटात (२०१४) गटार कामगाराचा मृत्यू दिसत नाही. तो साक्षी-पुराव्यांतूनच कळतो आणि खटल्याचा पोकळपणा तिथेच उघडा पडतो. झाकण्याला असं कारण हवं. बजेट हे कारण प्रेक्षकाला दिसत नसतं, पण जाणवतं.

सगळ्यात जास्त चुका आवाजात होतात. दाराआडचं भांडण असेल तर नटांना दार लावून खरंच भांडायला लावा आणि माइक अलीकडच्या पात्राजवळ ठेवा. आतूनही एकदा स्वच्छ रेकॉर्ड करा. ते वापरायची वेळ आली तर नुसता आवाज बारीक करून भागत नाही, कारण बंद दारातून आधी वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे आवाजातले उंच, तीक्ष्ण स्वर, अडतात. त्या कापल्या नाहीत तर भांडण शेजारच्या टीव्हीवरचं वाटतं. प्रत्येक लोकेशनवर मिनिटभर रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या, युनिट कितीही कंटाळलं तरी.

रिअ‍ॅक्शन शॉटला, म्हणजे न दिसणाऱ्या घटनेकडे बघणाऱ्या चेहऱ्याच्या शॉटला, नटाला बघायला माणूस उभा करा किंवा स्टँडवर टेप लावा; दोन नटांच्या नजरा दोन ठिकाणी गेल्या की प्रसंग संपला. एडिटमध्ये आवाज आणि वळलेली मान एकाच फ्रेमवर ठेवू नका. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर मधे पाच-सहा जाऊ द्या, नाहीतर नटाला आवाज येणार हे आधीच ठाऊक होतं असं वाटतं.

रफ कट, म्हणजे एडिटचा पहिला कच्चा खर्डा, पटकथा न वाचलेल्या माणसाला दाखवा. कोणाला आणि कुठे काय झालं, हे त्याला सांगता यायला हवं; नेमकं कसं, ते त्याच्या कल्पनेवर सोडा. त्याला उलगडलं नाही तर खुलासा करणारा संवाद डब करून चिकटवू नका. एखादा आवाज किंवा वस्तूचा शॉट घाला. त्यासाठी शूटच्या दिवशीच वस्तूंचे दोन-तीन क्लोजअप जास्तीचे घेऊन ठेवा.