नंबर जुळले म्हणून पिस्तूल मूळचं ठरत नाही

संग्रहातल्या जुन्या पिस्तुलाचे भाग मूळचे की मागाहून बसवलेले, हे ओळखायला शिकायचं असेल तर गोव्यासारखी जागा नाही. इथला पावसाळा लोखंडाला सोडत नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तूच्या अंगावर तिचं वय उमटतं. शिवाय पोर्तुगीज खुणा वाचून दाखवणारी माणसं इथे अजून भेटतात. पणजीत राहून खासगी संग्रहांच्या नोंदी करणं हेच माझं काम. त्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी कायदा. पिस्तूल कितीही जुनं असो, १९५९ चा शस्त्र कायदा त्याला लागू आहे असं धरूनच चाला. परवानाधारक मालक समोर असल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि ते रिकामं आहे हे त्यांनी दाखवल्यावर आपणही पाहायचं. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही बघावा लागतो. अशी वस्तू मालकाला देशाबाहेर विकता येत नाही.

नवी मुलं भिंग घेऊन थेट भागांवर ठोकलेले कारखान्याचे नंबर जुळतात का ते शोधायला लागतात. नंबर शेवटी बघा. ठसा मारणारा माणूस आजही कोणताही अंक मारू शकतो. शंभर वर्षांची झीज मात्र सगळ्या भागांवर एकसारखी आणणं महाकठीण. म्हणून पिस्तूल पांढऱ्या कापडावर ठेवा, टॉर्च जवळजवळ आडवी धरा आणि पृष्ठभागावरून प्रकाश सरकवा. गंजाचे बारीक खड्डे दिसतील. खड्ड्याच्या तळाशीही निळा-काळा मुलामा एकसंध असेल, तर गंज आधी आणि मुलामा नंतरचा, म्हणजे पिस्तुलाला पुन्हा रंग चढवलाय. मग नंबराच्या अंकाची कड पाहा. ठसा बसताना धातू बाजूला सरकून अंकाभोवती किंचित वर येतो, बोटाला अगदी हलका लागतो. पॉलिशच्या चाकावर घासलं की ही कड जाते, अंक उथळ होतात, कोपरे गोल होतात.

नंतर मालकाच्या परवानगीने मुठीच्या पट्ट्या काढा. मला स्वतःला ही पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. पट्टीखाली हाताचा घाम पोचत नाही, त्यामुळे तिथला मुलामा गडद राहतो आणि पट्टीच्या कडेने एक रेघ उमटते. ती रेघ आज बसवलेल्या पट्टीच्या कडेशी जुळत नसेल तर पट्टी बदललेली असण्याचा दाट संभव. आत-बाहेर रंग तंतोतंत सारखा असेल तरी थांबा आणि विचार करा.

आता नंबर. लष्करी ल्युगरवर (हे जर्मन बनावटीचं पिस्तूल) मुख्य भागांवर पूर्ण नंबर असतो आणि लहान भागांवर त्याचे शेवटचे दोन अंक. नळी जिथे तिच्या मागच्या भागात (रिसीव्हरमध्ये) बसते तिथे दोन्हींवरून मिळून मारलेली एक बारीक रेघ असते. ती सरळ रेषेत नसेल तर नळी फिरवलेली किंवा बदललेली आहे. जुन्या ल्युगरचा चाप आणि सेफ्टीची कळ तापवून पेंढ्यासारखी पिवळट केलेली असे. मावझर कारखान्याने ही पद्धत १९३७ च्या सुमारास सोडली. त्यानंतरच्या पिस्तुलावर पिवळा चाप दिसला तर तो कुठून आला हे विचारायलाच हवं.

पोर्तुगालने ७.६५ मिमीची ल्युगर घेतली, तेव्हा गादीवर राजा दुसरा मानुएल होता (१९०८ ते १९१०). त्या पिस्तुलांवर मुकुटाखाली त्याचं एम-दोन हे मुद्राक्षर आहे आणि काडतूस आत असल्याचं दाखवणाऱ्या पट्टीवर 'कार्रेगादा', म्हणजे 'भरलेलं'. मुद्राक्षर पोर्तुगीज आणि पट्टीवर जर्मन शब्द, असं दिसलं तर ती पट्टी दुसऱ्या पिस्तुलाची.

पहिल्या महायुद्धात पोर्तुगालने अमेरिकन सॅव्हेज पिस्तुलंही घेतली. १९०७ च्या या मॉडेलमध्ये स्क्रू नाहीत; मुठीच्या कडक रबराच्या पट्ट्या दाबून अडकवल्या जातात. त्या ठिसूळ असल्याने तडकतात, मग कुणीतरी लाकडाच्या पट्ट्या कोरून स्क्रूने बसवतो. काम कितीही सुबक असो, स्क्रू दिसला की निकाल लागला.

एक गोष्ट मनापासून सांगतो. बदललेला भाग म्हणजे फसवणूक, असं लगेच म्हणू नका. सैन्याच्या कार्यशाळेत चाप मोडला, नवा बसला, पिस्तूल पुन्हा कामाला लागलं. हाही त्या वस्तूचा इतिहासच. 'नंबर जुळवण्यासाठी' जुना भाग काढून दुसरा आणण्याचा सल्ला कुणी दिला तर ठामपणे नाही म्हणा. ब्रासोने घासणं तर अजिबात नको. सुक्या सुती कापडाने पुसा, मऊ मेण पुरेसं आहे.

नोंदीत मी चारच शेरे वापरतो: मूळचा, त्या काळचा पण दुसऱ्या पिस्तुलाचा, नंतरचा, आणि ठरवता येत नाही. प्रत्येक शेऱ्यापुढे कारण आणि फोटो. चौथा शेरा लिहायला कचरू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर इतिहासाची पदवी आणि बडोद्याच्या विद्यापीठातला संग्रहालयशास्त्राचा अभ्यासक्रम ही चांगली वाट आहे. त्यासोबत कामापुरती पोर्तुगीज शिका आणि एखाद्या लेथवाल्याकडे बसून धातूवर हत्यार कसं चालतं ते बघा. आणि मालकाच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला विसरू नका. "काकी, हे कधी दुरुस्तीला दिलं होतं का?" एवढं विचारलं की पुष्कळदा चापाचं कोडं तिथेच सुटतं. काकी जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, नोंदीला जोडा.