मायक्रोफिल्मवरचे जुने वर्तमानपत्र कॅमेऱ्याने टिपताना

मायक्रोफिल्मचे, म्हणजे पानांची लहान केलेली छायाचित्रे असलेल्या फिल्मचे, रीळ हाती आले की आधी त्याचा वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ते अ‍ॅसिटेट या जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकचे असून त्याचा क्षय सुरू झाला आहे, असे समजावे. अशी रिळे इतरांपासून वेगळी ठेवून त्यांचेच काम प्रथम उरकावे. रीळ आडवे धरून कडेने प्रकाशाकडे पाहिल्यास पॉलिस्टरची फिल्म आरपार उजळते, अ‍ॅसिटेटची उजळत नाही.

खरा प्रश्न तपशिलाचा असतो. मूळ पान १५ पट लहान केलेले असेल आणि मूळ आकारात इंचाला ३०० बिंदू हवे असतील, तर फिल्मवर इंचाला ४,५०० बिंदू टिपावे लागतात. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर याहून मोठे आकडे छापलेले असतात, पण प्रत्यक्षात हाती येणारा तपशील बराच कमी असतो. त्यापेक्षा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स (फिल्मवरची प्रतिमा सेन्सरवर तेवढ्याच आकारात उमटवणारी) बरी, कारण सेन्सरच्या ३६ मिलिमीटर रुंदीत ६,००० बिंदू, म्हणजे इंचाला सुमारे ४,२०० बिंदू मिळतात. १६ मिलिमीटरच्या फिल्मला मात्र याहून अधिक विशालन लागते.

कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवावा आणि एलईडी लाइट पॅनेलवर फिल्म काळ्या कागदाच्या खिडकीतून सरकवावी, म्हणजे कडेचा प्रकाश लेन्समध्ये शिरत नाही. फिल्म सुती हातमोजे घालून फक्त कडांनी धरावी. लेन्सचे छिद्र एफ ५.६ ते ८ ठेवावे. पडद्यावर प्रतिमा मोठी करून एखाद्या मात्रेची किंवा वेलांटीची कड रेखीव दिसेपर्यंत फोकस हातानेच जुळवावा. ऑटोफोकसवर विसंबू नये. अक्षरे उलटी दिसली तर फिल्म पालटावी. चित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावे आणि निगेटिव्ह असल्यास रंग नंतर संगणकावर उलटावेत.

सांगलीत हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत जिलेटिनचा थर ओलावा शोषून चिकट होतो. पुरात भिजलेले रीळ घरी उलगडून वाळवण्याचा मोह टाळावा. ते स्वच्छ, थंड पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेत न्यावे, कारण गुंडाळलेल्या स्थितीत वाळल्यास थर एकमेकांना चिकटतात.

फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिनांक आणि पान याच क्रमाने घालावे. मूळ टिफ प्रत जपून ठेवावी, वाचनासाठी जेपेग पुरे. चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या संगणक प्रणालीला मराठी छापील मजकूर वाचता येतो, तरी पुसट जुन्या खिळ्यांच्या छपाईत चुका राहतातच. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात कुठवर आले होते ते इथे साऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा एक प्रत तळमजल्यावर नको आणि दुसरी गावाबाहेर हवी.